चढावरची टिणटिण

गल्लीत त्याला सगळे कानमिस्त्री म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच पसरवलं असा माझा दाट संशय आहे. दुसऱ्यानं ठेवलेल्या नावाला माणूस इतक्या खुशीत ओ देत नाही. पत्रे दाबायच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस चालवून तो निवृत्त झाला होता, पण त्याची खरी ख्याती रविवारची. शोरूमवाले ज्यांना दारातसुद्धा उभं करत नाहीत अशा जुन्या मोटरसायकली रविवारी सकाळी त्याच्या घरासमोर लागायच्या. कुणाची चढाला दम टाकते, कुणाची मागे माणूस बसला की रडते. मागणं सगळ्यांचं एकच, "मिस्त्री, जरा पिकअप वाढवून द्या."

पिकअप वाढवायचा म्हणजे ठिणगी लवकर पाडायची. पिस्टन वर येत असतानाच प्लगमध्ये ठिणगी पडते. ती आणखी किंचित आधी पडली की गाडी उड्या मारायला लागते, आणि फारच आधी पडली की पिस्टनलाच मार बसतो. हे सगळं ठरवते एक गोल प्लेट, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या मागे दोन स्क्रूंवर बसवलेली. स्क्रूंची भोकं जरा लांबट असतात, त्या लांबीपुरतीच प्लेट फिरते. कंपनी म्हणते, बास, एवढंच. कानमिस्त्री म्हणायचा, कंपनीला काय कळतंय! गोल कानस घेऊन तो ती भोकं घासून लांब करायचा आणि प्लेट कंपनीच्या खुणेच्या पुढे सरकवायचा.

आता किती पुढे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. त्यासाठी होता गल्लीचा चढ. प्लेट सरकवून झाली की मालकाला सांगायचं, टॉप गिअर टाक, एक्सलेटर पूर्ण पीळ आणि चढ चढून जा. ठिणगी फार लवकर पडत असली तर इंजिनातून बारीक आवाज येतो, काचेच्या पेल्यात चमचा हलवल्यासारखा. टिणटिण. चालवणाऱ्याला तो कळत नाही, त्याच्या कानात वारा आणि डोक्यात पिकअप. तो ऐकायचा कानमिस्त्री. दारात उभा राहून, मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून. टिणटिण आली की प्लेट केसभर मागे. थांबली की झालं काम. गल्ली म्हणायची, असा कान शंभरात एखाद्याला.

आणि हा सगळा बनाव होता! त्याला गेली तीन वर्षं ती टिणटिण ऐकू येत नव्हती. ऐकायची ती, त्याची बायको. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून.

ते असं झालं. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या कंपाउंडरची गाडी चढावर गेली, आणि ही वर भांडी विसळत होती. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिचा कान नवऱ्याइतकाच तयार झालेला. गाडी चांगली टिणटिणत होती. खालून नवऱ्याचा आवाज आला, "झकास! घेऊन जा." तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आठ दिवसांनी कंपाउंडर गाडी ढकलत आला, पिस्टनला भोक. मिस्त्रीनं पेट्रोलला शिव्या घातल्या, पंपवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. त्या दिवशी जेवताना ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. दाराची घंटा वाजली तरी हा हलत नाही. फोन हातभर अंतरावर वाजतो आणि हा पेपर वाचतो. जाडे आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. एकतीस वर्षं प्रेसच्या धडधडीत काढल्यावर दुसरं काय होणार?

पुढच्या रविवारी एक गाडी चढावर टिणटिणली आणि खिडकीत तिचा हात आपोआप वर गेला. तो वरच बघत होता. खाली वाकला आणि प्लेट मागे घेतली. असे चार रविवार गेले. दोघांनी एकमेकांना चकार शब्दानं विचारलं नाही. पाचव्या रविवारी हात पुसता पुसता तो म्हणाला, "डावा वर करत जा. उजव्यात काम असतं तुझ्या." आणि दारापर्यंत जाऊन परत आला. "हे घराबाहेर जाता कामा नये. पोरीलासुद्धा नाही."

तिनं मान डोलावली. खोटं कशाला सांगू, तिला तेव्हा बरं वाटलं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाला आपली गरज आहे असं तिला पहिल्यांदा वाटलं. जेवणाला आणि धुण्याला लागते ती गरज वेगळी. खाली कोणी "वा मिस्त्री, काय कान आहे!" म्हटलं की ती वर मान खाली घालून हसायची.

हसू वर्षभर पुरलं. मग खिडकी अंगावर यायला लागली. नऊ गज होते तिला, आणि चौथ्या आणि पाचव्या गजामधूनच चढाचा वरचा वळसा दिसायचा. तिथे उभं राहायचं म्हणजे गॅसच्या शेगडीनं पाठ भाजायची आणि ओट्याची कड पोटात रुतायची. आधी फक्त रविवार होता. तो निवृत्त झाल्यावर रोजचंच झालं. गाडी खाली लागली की जिन्यातून हाक यायची, "अगं, आहेस ना?" बहिणीच्या मुलाच्या लग्नाला ती एक रविवार गेली, तर हा दाराला "आज बंद" अशी पाटी लावून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवलासुद्धा नाही. साठीचा बाप्या आणि रुसवा बघा! परत आल्यावर तिनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला, "मजा करून आलीस ना? झालं तर मग." त्यानंतर तिनं कुठे जायचं नावच काढलं नाही.

आणि मग लेकीला दिवस गेले.

लेक बसनं अकरा तासांवर. जावयाची पाळीपाळीची नोकरी, सासू नाही. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला आणि डॉक्टरनं सांगितलं, पडून राहा, उठायचं नाही. लेकीचा फोन आला, "आई, तू ये. आधी ये आणि नंतर दोन महिने राहा. मला भीती वाटते गं."  ती म्हणाली, येते. फोन ठेवून वळली तर नवरा समोर.

"काय म्हणते?"

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "जा की. मी काय पायात बेड्या घातल्यात?" आणि लगेच, "पण हा रविवार करून जा. व्हॅनवाल्याला शब्द दिलाय."

पुढच्या रविवारी कंपाउंडरच्या मेव्हण्याला शब्द दिलेला निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी याचंच डोकं दुखायला लागलं. शेजारच्या शिक्षिकेकडून काढून घेतलेलं बसचं तिकीट दोनदा रद्द झालं. लेकीला कारणं सांगायची कुठून? खरं सांगायची सोय नाही, शब्द दिलेला. कधी नळाचं काम, कधी गुडघा, कधी "बाबांच्या पोटाला सध्या बाहेरचं चालत नाही." ऐकणारी काय दूधखुळी होती? एक दिवस लेक म्हणाली, "आई, तुला यायचंच नसेल तर सरळ सांग. मी काही रडणार नाही." आणि म्हणता म्हणताच रडायला लागली. ही फोन कानाला लावून उभी.  

तिनं एक उपाय काढून पाहिला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बल्ब लावून टायमिंग करतात, हे तिनं बघितलं होतं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटला वायर जोडायची. पॉइंट उघडला की बल्ब लागतो, आणि त्या वेळी मॅग्नेटवरची खूण कुठे आली ते बघायचं. सगळं डोळ्यांचं काम. तिनं बल्ब आणला, दोन वायरी आणल्या आणि ताटाशेजारी ठेवल्या. "मी नसले की असं करा. चिमटे आणायचे राहिलेत तेवढे."

असा भडकला, असा भडकला! "बल्ब? कंपनीच्या खुणेवर लावायला लोक माझ्याकडे येतात होय? ते तर गल्लीतलं शेंबडं पोरही करेल! खुणेच्या पुढे गेल्यावर तुझा बल्ब काय बोंब मारून सांगणार आहे, की आता पिस्टन जाळतोय म्हणून?"

"मग दोन महिने बंद ठेवा."

"आणि लोकांना काय सांगू? कान नाहीत म्हणून सांगू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. खुणेच्या पुढे फक्त कान. आणि त्या घरात चालणारे कान होते दोनच, ते तिच्या डोक्याला चिकटलेले. तिनं बल्ब उचलून फडताळात टाकला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा त्याचा राग आला, चांगला सणसणीत. त्याच तिरीमिरीत तिनं शिक्षिकेला तिसरं तिकीट काढायला सांगितलं, सोमवारी सकाळचं. बॅग भरून दाराशी ठेवली. तो बॅगेला वळसा घालून ये-जा करायला लागला.

रविवारी सकाळी फोटोग्राफर आला. त्याची गाडी मोठ्या सिलिंडरची, जुनी, दणदणीत. मिस्त्रीनं मॅग्नेट काढला, प्लेट काढून भोकं घासली, तासभर कानस चालली. हिनं तोवर दोन वेळचा स्वयंपाक उरकला, नवऱ्यासाठी डबे भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग हाक आली, "अगं, आहेस ना?"

ती चौथ्या आणि पाचव्या गजापाशी जाऊन उभी राहिली.

गाडी चढावर गेली. टिणटिण आली. स्वच्छ आली. तिचा डावा हात ओट्यावर होता. तो तिथेच राहिला.

आता हे तिनं ठरवून केलं का? मी तिच्या जागी असतो तर सांगू शकलो नसतो. हाताला वर जायची इतकी सवय झालेली, की त्याला खाली धरून ठेवायलाच जोर लागला, एवढं मात्र खरं. तिच्या मनात आलं ते इतकंच, की ही एक गाडी बिघडू दे. फोटोग्राफर बडबड्या, आठवड्यात गावभर करेल. मिस्त्रीचा कान गेला म्हणतील लोक. म्हणू देत! एकदा येणंच बंद झालं की मी सुटले.

खाली त्याला वाटलं, अजून वाव आहे. त्यानं प्लेट आणखी पुढे घेतली. गाडी पुन्हा चढावर गेली. आता तर पेल्यात चमचा नव्हे, पेल्यांचा अख्खा ट्रे हिंदकळत होता. हात ओट्यावरच. चढाच्या टोकाला गाडी आचके देऊन बंद पडली. फोटोग्राफर ती उतारावरून तशीच सोडत खाली आला आणि म्हणाला, "मिस्त्री, फार तापलीय हो. आणि किक मारायची भीती वाटते मला."

"भीती कसली? सरका." मिस्त्री गाडीवर चढला. पायात नेहमीच्या चपला. त्यानं किक मारली. किक अर्ध्यावरून पायाला ठोसा देऊन परत आली.

तो थांबला. मान वर करून खिडकीकडे बघितलं. नेहमीपेक्षा बराच वेळ बघितलं.

किक उलटी मारायला लागली म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकोणतीस वर्षं काढली होती तिनं त्याच्या घरात. हात वर करायला एक क्षण लागतो, आणि तिच्याकडे चांगले पाच-सहा होते. तिनं दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली.

त्यानं दुसरी किक मारली, अंगाचा सगळा भार टाकून. ठिणगी इतकी आधी पडली की इंजिन उलटं फिरलं आणि किकचा दांडा त्याच्या घोट्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

नडगी आणि शेजारचं हाड, दोन्ही. घोट्याच्या वर. स्क्रू टाकून प्लास्टर, आणि तीन महिने पाय टेकवायचा नाही. उठवायला माणूस, बसवायला माणूस, संडासला न्यायला माणूस. सोमवारची बस सकाळी निघून गेली, तेव्हा ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्याच्या चपला पिशवीत भरत होती.

लेकीला फोन केला तर पोरगी एका शब्दानं रागावली नाही. "अगं आई, बाबांना असं सोडून कशी येशील तू! माझी काळजी करू नको." इतके दिवस खोटी कारणं सांगितली तेव्हा लेक चिडत होती, आता सांगायला खरं कारण होतं, तर इतकी मायेनं बोलली. त्या मायेनं हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाराव्या दिवशी मुलगी झाली. जावयानं फोटो पाठवला. बाळाच्या कपाळावर चिमट्यानं ओढल्याची लाल खूण होती. जावई म्हणाला, "आत नेताना सारखी आई आई करत होती." हिनं बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. नवऱ्याला तसंही ऐकू जाणार नव्हतं, पण सवय.

आणखी नऊ दिवस तिनं कळ काढली. भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. तो प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हणायला लागला होता. जन्मात न म्हणणारा माणूस! तेच तिला सहन होईना. एका दुपारी त्याच्या पायाखाली उशी सरकवताना ती म्हणाली, "मी हात वर केला नाही."

तो छताकडे बघत होता.

"अहो, मी म्हणते, टिणटिण ऐकू येत होती मला! दोन्ही वेळेला! मी मुद्दाम हात वर केला नाही!"

"ओरडू नकोस. ऐकलं."

ती पलंगाच्या कडेला बसली. तो शिव्या देईल, निदान उशी तरी फेकेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"पहिल्या किकलाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "कान गेलेत, पाय गेले नव्हते. प्लेट किती पुढे गेलीय ते पायाला कळतं."

"मग दुसरी का मारलीत?"

"तुझ्याकडे बघत होतो. हात वर करतेस का ते."

"आणि नाही केला."

"नाही केलास. म्हणजे तू जाणार हे नक्की. दोन महिने म्हणून जाशील, आणि तिकडे नातवंडात रमशील. इकडे मी कोण? बहिरा म्हातारा." त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "मारली मग. म्हटलं, मोडला पाय तर राहशील."

ती उठली. काय करावं सुचेना. या माणसाची मान धरून हलवावी की त्याच्या प्लास्टरवर डोकं ठेवून हंबरडा फोडावा! तिकडे लेक आई आई करत आत गेली, आणि हे दोघं इथे एकमेकांचे हात-पाय बघत बसले होते. तिला त्याची किळस आली आणि तेवढीच स्वतःचीही. त्या खोलीत येरझाऱ्या घालायलाही जागा नव्हती, म्हणून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

खाली व्हॅनवाला आपली मोटरसायकल लावून उभा होता. तिला खिडकीत बघून ओरडला, "वहिनी, मिस्त्री कधीपासून बसणार? आमच्या गाडीला पिकअपच नाही हो!"

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. चांगलं खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "कसला मिस्त्री! त्यांना ऐकू येत नाही! तीन वर्षं झाली! तीन वर्षं मीच ऐकत होते इथून! मी हात वर करायची आणि ते बघायचे!"

झालं. शब्द मोडला.  तिला वाटलं, आता गल्ली गोळा होईल, थू थू होईल, आणि मग एकदाची सुटका.

समोरच्या दुकानदारानं वजनाचा काटा पुसता पुसता वर बघितलं आणि पुन्हा पुसायला लागला. व्हॅनवाल्यानं डोकं खाजवलं.

"अस्सं? मला आपला संशय होताच, कंपाउंडरही म्हणायचा." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अहो, मग अडलंय कुठे, वहिनी? प्लेट मी सरकवतो, तुम्ही तेवढं ऐका. कान तर तुमचा ठीक आहे ना? रविवारी आणतो. फोटोग्राफरलाही सांगतो, तोही खोळंबलाय."

आणि तो गेलासुद्धा.

आतून नवऱ्याची हाक आली. "अगं, कोण आहे? काय म्हणतोय?"

ती खिडकीत तशीच उभी राहिली. दुसरी हाक आली, तिसरी आली. मग ती आत गेली आणि त्याला सांगितलं, "रविवारी येतो म्हणतोय."